मोठ्या आर.सी. विमानांच्या पेट्रोल इंजिनांची देखभाल आणि सुधारणा

सव्वादोन मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेल्या रिमोट-कंट्रोल विमानावर बहुधा 50 ते 60 सी.सी.चे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेले असते. डी.ए. 50 आणि डी.एल.ई. 55 ही या वर्गातली ओळखीची नावे असून पहिल्याचे उत्पादक अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले, तर दुसऱ्याचे चीनमधले आहेत. या इंजिनांचे घराणे मात्र झाडे तोडण्याच्या करवतीचे आणि गवत कापण्याच्या यंत्राचे आहे: हवेने थंड होणारा एकच सिलिंडर, पेट्रोलमध्येच मिसळलेले तेल आणि विमान उलटे असतानाही इंधन पुरवणारा डायाफ्राम (पातळ लवचीक पडदा) कार्बोरेटर. त्यातला पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट फार क्वचित बिघडतात. बिघडते ते पेट्रोल, रबर आणि सांधे. तरीही इंजिन जरा अडखळले की बहुतेक जण सर्वांत आधी कार्बोरेटरच्या सुया, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे स्क्रू, फिरवू लागतात आणि त्यामुळे मूळ दोष तसाच राहून त्यावर चुकीच्या सेटिंगची भर पडते. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी इंधन, मग नळ्या आणि हवेची गळती, मग डायाफ्राम, मग ठिणगी, आणि हे सगळे निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच सुया. सुधारणांचा विचार त्याच्याही पुढचा.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, बॅटरी स्विचने बंद करून शिवाय तिचा कनेक्टरही काढून ठेवावा, कारण इग्निशन चालू असेल तर सहज फिरवलेला प्रॉपेलरसुद्धा इंजिन सुरू करू शकतो. जमिनीवर इंजिन चालवताना विमानाची शेपूट भक्कम बांधलेली असावी आणि सुया फिरवणाऱ्याने नेहमी प्रॉपेलरच्या मागे राहावे. प्रॉपेलर फिरतो त्या प्रतलात, म्हणजे त्याच्या बाजूच्या रेषेत, कोणीही उभे राहू नये.

पेट्रोल आणि तेल

भारतात 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभरातल्या पंपांवर नेहमीचे पेट्रोल बनले. मोटारीपेक्षा आपल्या छोट्या इंजिनांना त्याचा त्रास अधिक होतो, आणि तो दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पावसाळाभर पडून राहिलेल्या मिश्रणात इथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसू शकतो, आणि टाकीतला क्लंक (नळीच्या टोकाचे, इंधनामागे सरकणारे वजन) नेमका तळाचेच इंधन ओढतो. या थरात तेल नीट विरघळत नसल्यामुळे तो इंजिनात गेला तर पिस्टन कोरडा पडतो. दुसरे म्हणजे कार्बोरेटरचे पातळ डायाफ्राम इथेनॉलच्या सततच्या संपर्काने कडक आणि वेडेवाकडे होतात.

याखेरीज इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढीच हवा जाळायला ई-20 पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 7 ते 8 टक्के जास्त लागते. परिणामी इथेनॉलविरहित पेट्रोलवर नीट लावलेले इंजिन ई-20 वर चालवले तर सुयांना हात न लावताही मिश्रण लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते आणि सिलिंडरचे डोके तापते. हंगामभर एकाच प्रकारचे पेट्रोल वापरण्याचा आग्रह धरावा तो यासाठी.

इंडियन ऑइलचे एक्सपी-100 हे 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 पासून निवडक शहरांत मिळते आणि अनेक मॉडेलर इथेनॉल टाळण्यासाठी ते घेतात. आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन माफक असल्यामुळे 100 ऑक्टेनची त्यांना काहीच गरज नसते, आणि जास्त ऑक्टेनने ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. आपण जादा पैसे देतो ते इथेनॉल नसण्याचे. ते खरोखर नाही ना, हे घरच्या घरी तपासता येते. उघड्या हवेत, आगीपासून दूर, 100 मि.ली.च्या काचेच्या मोजपात्रात 10 मि.ली. पाणी आणि त्यावर तेल न मिसळलेले 90 मि.ली. पेट्रोल घ्यावे, नीट हलवून ते स्थिर होऊ द्यावे आणि खालच्या थराची उंची बघावी. थर 10 मि.ली.वरच राहिला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही. तो 25 मि.ली.च्या पुढे गेला तर आपल्या हातात ई-20 आहे. तपासणीसाठी वापरलेले पेट्रोल पुन्हा इंजिनात घालू नये. युरोपात राहणाऱ्या वाचकांना करवतींसाठी मिळणारे अल्किलेट पेट्रोल हा याहून चांगला पर्याय आहे. ते महाग असते, पण त्यात इथेनॉल नसते आणि ते दीर्घकाळ टिकते.

तेलाच्या बाबतीत उत्पादकाच्या पुस्तिकेतले प्रमाण पाळावे. सामान्यतः रन-इनच्या, म्हणजे नवे इंजिन रुळवण्याच्या, काळात 30:1 किंवा 32:1 आणि नंतर चांगल्या सिंथेटिक तेलाबरोबर 40:1 ते 50:1 असे प्रमाण दिलेले असते. एक लिटर पेट्रोलमागे 32:1 ला सुमारे 31 मि.ली., 40:1 ला 25 मि.ली. आणि 50:1 ला 20 मि.ली. तेल लागते, आणि ते अंदाजाने न ओतता औषधाच्या सिरिंजने मोजणे सोयीचे पडते. डब्यावर जे.ए.एस.ओ. (जपानी मानक) एफ.डी. ही श्रेणी लिहिलेली असावी. टी.सी.-डब्ल्यू. 3 श्रेणीचे तेल होडीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या तापमानाला ते पुरे पडत नाही. तेल जास्त घातले की इंजिन अधिक सुरक्षित राहते, हे अर्धेच खरे आहे, कारण तेल वाढले की तेवढ्याच जागेतून जाणारे पेट्रोल कमी होते आणि मिश्रण किंचित लीन होते.

टाकी, नळ्या आणि हवेची गळती

ग्लो इंजिनांकडून (मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनांकडून) पेट्रोलकडे येणाऱ्यांच्या डब्यात सिलिकॉनची नळी हमखास असते, आणि ती इथे चालत नाही, कारण पेट्रोलमध्ये ती फुगून मऊ होते आणि सांध्यावरून निसटते. पिवळ्या रंगाची टायगॉन किंवा काळी व्हायटन नळी वापरावी. टाकीचे रबरी बूचही पेट्रोलला टिकणारेच हवे. टायगॉन कालांतराने कडक होते, विशेषतः टाकीच्या आत, जिथे ती दिसत नाही. आतली नळी ताठ झाली की विमानाचे नाक खाली झुकल्यावर क्लंक इंधनाबरोबर पुढे सरकत नाही आणि लांब डाईव्हमध्ये (खाली झेपावताना) इंजिन अचानक बंद पडते. हा दोष जमिनीवर कधीच सापडत नाही, म्हणून आतली नळी दर हंगामाला न तपासताच बदलावी. पितळी नळ्यांच्या टोकांवर बारीक कडे झाळून घ्यावे आणि प्रत्येक सांध्यावर तार किंवा क्लिप लावावी. गाळणी इंजिनाच्या वाटेवर बसवण्यापेक्षा भरायच्या कॅनवर बसवलेली बरी. विमानातली प्रत्येक जादा जोडणी ही हवा शिरण्याची एक जादा जागा असते.

हवेच्या गळतीची लक्षणे ओळखायला शिकणे हे या सगळ्या देखभालीतले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल मिटलेला असतानाचा वेग, कधी मिनिटाला 1,600 तर कधी 2,200 फेऱ्यांवर जाते, थ्रॉटल बंद केल्यावर फेरे हळूहळू उतरतात, आणि सुई कितीही उघडली तरी इंजिन लीन असल्यासारखेच वागते. अशा वेळी कार्बोरेटरच्या मागचे गॅस्केट, प्लास्टिकचा इन्सुलेटर ब्लॉक, रीड व्हॉल्व्हची (हवा-पेट्रोल एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पट्ट्यांची) पेटी, सिलिंडरच्या तळाचे गॅस्केट आणि पुढच्या बेअरिंगचे सील या पाच जागा तपासाव्या. प्रॉपच्या हबमागे काळपट तेलाचा ओघळ दिसत असेल तर संशय बेअरिंगच्या सीलवर घ्यावा.

डोळ्यांनी काही दिसले नाही तर दाबाची चाचणी करावी. कार्बोरेटर काढून त्या जागी निपल बसवलेली पट्टी आवळावी, सायलेन्सरच्या जागी रबराचा तुकडा घालून एक्झॉस्ट बंद करावा, प्लग जागेवर ठेवावा आणि पिस्टन खाली आणावा म्हणजे सर्व पोर्ट उघडे राहतात. मग हातपंपाने 0.4 ते 0.5 बार इतकाच दाब द्यावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. दाब अर्धा मिनिट टिकला तर इंजिनाचा तळ घट्ट आहे असे समजण्यास हरकत नाही. गॅस्केट पुन्हा बसवताना एक बारीक गोष्ट पाहावी. क्रँककेसमधल्या दाबाच्या स्पंदनांवर कार्बोरेटरचा इंधनपंप चालतो आणि ती स्पंदने गॅस्केट व ब्लॉकमधल्या एका लहान भोकातून येतात. गॅस्केट उलटे बसले तर ते भोक झाकले जाते, पंप थांबतो, आणि दुपारभर सुया फिरवूनही इंजिन धडपणे चालत नाही.

कार्बोरेटर

या इंजिनांवर बहुतेक वेळा वॉलब्रो किंवा त्या घडणीचा कार्बोरेटर असतो. त्याच्या एका बाजूच्या झाकणाखाली पंपाचा डायाफ्राम आणि बारीक जाळीची गाळणी असते, तर दुसऱ्या बाजूला मीटरिंग (इंधन मोजून सोडणारा) डायाफ्राम, त्याखालची तरफ आणि इंधन अडवणारी सुई असते. नवे डायाफ्राम मऊ आणि सपाट असतात. उजेडात धरल्यावर त्यांवर सुरकुत्या दिसल्या किंवा हातात घेतल्यावर ते कडकडले तर ते बदलावे. ई-20 वापरणाऱ्याने हे काम वर्षातून एकदा करावे. दुरुस्तीचे किट घेताना इंजिनाचे नाव सांगून भागत नाही. कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक पाहूनच किट मागवावे.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण दोन बाजूंचा क्रम एकसारखा नसतो. या घडणीत पंपाच्या बाजूला अंगालगत डायाफ्राम आणि त्यावर गॅस्केट येते; मीटरिंगच्या बाजूला अंगालगत गॅस्केट आणि त्यावर डायाफ्राम येतो. क्लीनरचा फवारा मारण्यापूर्वी सर्व रबरी भाग बाहेर काढावे. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारू नये, त्याने आतला एकदिशा व्हॉल्व्ह जागेवरून सुटू शकतो. तरफेची उंची वॉलब्रोच्या पत्र्याच्या मापकाने तपासावी. तरफ प्रमाणापेक्षा उंच असेल तर कार्बोरेटर भरून वाहतो आणि इंजिन रिच चालते, म्हणजे पेट्रोल जास्त होते. ती खाली असेल तर चोक बंद करून कितीही प्रॉप फिरवला तरी पेट्रोल वर येत नाही. बऱ्याच वेळा नवे किट बसवल्यावर इंजिन आधीपेक्षा वाईट चालू लागते, त्याचे कारण ही न तपासलेली तरफ असते.

प्लग आणि इग्निशन

या वर्गातल्या अनेक इंजिनांना एन.जी.के.चा सी.एम.-6 हा छोटा प्लग लागतो. त्याची गॅप 0.4 ते 0.5 मि.मी. ठेवावी आणि ती फीलर गेजने मोजावी. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे प्लग शेवटपर्यंत बोटांनी फिरवावा आणि पाना फक्त आवळण्यासाठी वापरावा. प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, पण शिसेविरहित पेट्रोलवर रंग सावकाश चढतो. दोनचार मिनिटे इंजिन चालवून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये प्रॉप हबमधला चुंबक हॉल सेन्सरसमोरून (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरसमोरून) गेला की ठिणगी पडते. पूर्ण वेगाला ती पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या साधारण 28 ते 32 अंश आधी पडते, तर हाताने सुरू करताना इग्निशन ती आपोआप उशिरा पाडते. हाताने फिरवताना प्रॉप उलटा मारत असेल तर सेन्सर सरकला आहे का, ते सर्वांत आधी पाहावे. ठिणगी तपासायची असेल तर प्लग टोपीत पूर्ण बसवलेला असावा. प्लगविना टोपी उघडी ठेवून इग्निशन चालवले तर त्याचे मॉड्यूल जळू शकते. उच्च दाबाच्या वायरवरची विणलेली जाळी आणि टोपीच्या आतली स्प्रिंगची कडी यांचा प्लगशी पक्का संपर्क हवा, कारण जाळी तुटली की तिच्यातून निघणारा विद्युत गोंगाट रिसीव्हर आणि सर्व्होंपर्यंत (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींपर्यंत) पोहोचतो. 2.4 गीगाहर्ट्झ रेडिओवर हा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला असला, तरी इग्निशनचे सर्व सामान रिसीव्हरपासून किमान 30 सें.मी. दूर असावे आणि थ्रॉटलची कांडी धातूची नसावी.

सुया लावणे

वरचे सगळे तपासून झाले असेल तर सुया लावण्यास फार वेळ लागत नाही. एल ही कमी वेगाची आणि एच ही जास्त वेगाची सुई. दोन्ही घड्याळाच्या दिशेने फिरवल्या की मिश्रण लीन होते आणि उलट फिरवल्या की रिच. सुरुवातीला दोन्ही हलक्या हाताने बंद करून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, साधारण सव्वा ते पावणेदोन फेरे, उघडाव्या. बंद करताना जोर लावला तर सुईचे टोक आणि तिची बैठक कायमची बिघडते.

इंजिन नीट गरम झाल्यावर फुल थ्रॉटलला एच सुई थोडी थोडी बंद करत टॅकोमीटरवर (फेरे मोजणाऱ्या उपकरणावर) सर्वोच्च फेरे शोधावे आणि तिथून ती उघडून 200 ते 300 फेरे कमी करावे. 55 सी.सी.च्या इंजिनावर 22×8 प्रॉप (22 इंच व्यास आणि 8 इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जाण्याचे गणिती अंतर) लावला असेल तर जमिनीवर सर्वसाधारणपणे मिनिटाला 6,500 ते 7,000 फेरे मिळतात. याहून पुष्कळ कमी मिळत असतील तर सुईत नव्हे, इतरत्र दोष आहे. जमिनीवर थोडे रिच ठेवणे आवश्यक असते, कारण हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन फेरे वाढतात. मग एल सुई. आयडलिंगवरून थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन दबून बंद पडत असेल तर एल लीन आहे. ते गुरगुरत, पांढरा धूर सोडत हळूहळू वेग घेत असेल तर एल रिच आहे. विमान ज्या मधल्या थ्रॉटलवर सर्वांत जास्त वेळ उडते, तिथेही एलचाच प्रभाव असतो, हे विसरले जाते. एल बदलल्यावर एच पुन्हा तपासावी. आयडलिंग 1,500 ते 1,800 च्या दरम्यान स्थिर राहिले की पुरेसे आहे.

लावलेल्या सुया सर्व ऋतूंना आणि सर्व जागांना चालत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ असते. त्या हवेत लावलेले इंजिन डिसेंबरच्या थंड सकाळी दाट हवेत तसेच उडवले तर ते लीन होते. उंचीचेही तसेच. सुमारे 1,300 मीटर उंचीवरच्या पाचगणीच्या पठारावर लावलेल्या सुया अलिबागच्या किनाऱ्यावर धोकादायक ठरतात, तर उलट प्रवासात इंजिन फक्त सुस्त होते. शंका असेल तेव्हा एच सुई फेऱ्याचा आठवा भाग उघडून पहिले उड्डाण करावे. उभ्या चढाईत काही सेकंदांनी आवाज खाली बसू लागला तर थ्रॉटल कमी करून लगेच उतरावे, कारण ती पिस्टन घासू लागण्याच्या आधीची सूचना असते.

बोल्ट, प्रॉप आणि थंडावा

एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर प्रत्येक बोल्ट सैल करू पाहते. फायरवॉलवरच्या (इंजिन बसवलेल्या पुढच्या भिंतीवरच्या) बोल्टला मोठा वॉशर आणि निळा थ्रेड-लॉकर पुरतो, मात्र प्लायवुड दबल्यामुळे ते सैल झाले आहेत का, हे दर काही उड्डाणांनी पाहावे. एक्झॉस्टच्या बोल्टला निळ्या लॉकरचा उपयोग नाही. त्या तापमानाला तो मऊ पडतो. तिथे पाचरीच्या वॉशरची जोडी वापरावी, आणि पहिल्यांदा इंजिन चालवून ते पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा कसावे.

लाकडी प्रॉप पावसाळ्यात फुगतो आणि थंडीच्या कोरड्या हवेत आकसतो. जुलैत कसलेले बोल्ट त्यामुळे डिसेंबरात सैल निघतात. ते समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे कसावे. एकदम आवळून लाकूड चेपू नये. भोके पाडताना डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, तर ड्रिलचा साचा वापरावा. नवा प्रॉप संतुलनाच्या काट्यावर तपासावा, कारण असंतुलनाची झळ इंजिनाइतकीच सर्व्होंना आणि टाकीच्या बुचालाही बसते.

थंडाव्याबाबत गैरसमज असा की काऊलिंगला (इंजिनावरच्या आवरणाला) पुढे मोठे तोंड ठेवले की झाले. खरे तर गरम हवा बाहेर पडण्याची वाट आत येणाऱ्या वाटेच्या अडीच ते तीन पट मोठी हवी, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या पंखांमधूनच जाईल अशी बाल्साची किंवा पातळ प्लायची आडोशाची भिंत हवी. आडोसा नसेल तर हवा सोपी वाट धरून सिलिंडरच्या बाजूने निघून जाते, आणि डोक्याची मागची बाजू तापतच राहते.

सुधारणा

आडोसा हीच माझ्या मते पहिली सुधारणा आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. दुसरी फारशी कोणी करत नाही. मीटरिंग डायाफ्रामच्या झाकणाला एक लहान भोक असते आणि त्यातून डायाफ्रामला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो. बंद काऊलिंगच्या आत हा दाब विमानाच्या वेगाप्रमाणे बदलतो, त्यामुळे जमिनीवर उत्तम चालणारे इंजिन हवेत वेगळे वागते. झाकण सुटे काढून त्या भोकावर पितळी नळी झाळावी आणि तिला जोडलेली रबरी नळी फायरवॉलमधून विमानाच्या धडात, जिथे हवा शांत असते तिथे, सोडावी. हवेत सतत बदलणाऱ्या मिश्रणाच्या बहुतेक तक्रारी याने मिटतात.

तिसरी सुधारणा सुरक्षिततेची. इग्निशनसाठी रेडिओवरून चालणारा ऑप्टिकल स्विच बसवला की ट्रान्समीटरच्या एका बटणाने इंजिन बंद करता येते, आणि सिग्नल तुटल्यावर इग्निशन बंद होईल असे फेलसेफही लावता येते. हाताने बंद करायचा स्विच मात्र तरीही ठेवावा.

कॅनिस्टर सायलेन्सरने आवाज सौम्य होतो आणि ताकद थोडी वाढते. त्यासाठी धडाच्या पोटात बोगदा आणि त्यातून हवा वाहण्याची सोय लागते. हेडर आणि कॅनिस्टर यांच्यामधला टेफ्लॉनचा सांधा दोन्ही बाजूंनी क्लॅम्प करावा, कॅनिस्टर सिलिकॉनच्या कड्यांत तरंगता ठेवावा, आणि सर्व बसवल्यावर एच सुई नव्याने लावावी. मात्र आवाज कमी करणे हाच हेतू असेल तर प्रॉपकडेही बघावे. 22 इंची प्रॉपचे टोक 7,000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 205 मीटर वेगाने फिरते, आणि मैदानाबाहेर ऐकू जाणारा आवाज बराचसा त्या टोकाचा असतो. पिच वाढवून फेरे कमी करणे कधी कधी महागड्या कॅनिस्टरपेक्षा उपयोगी पडते. ट्यून्ड पाइपची लांबी ठरावीक फेऱ्यांसाठीच जुळते, त्यामुळे स्पर्धेत न उतरणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

कार्बन फायबरच्या रीड पट्ट्यांचा फायदा लहान असतो; पण जुन्या पट्टीची कड तुटलेली असेल किंवा ती बैठकीवर पूर्ण टेकत नसेल तर नवी बसवताना कार्बनची घेणे योग्य. सिलिंडरखालचे गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवणे किंवा पोर्ट घासून मोठे करणे यांच्या वाटेला जाऊ नये. गॅस्केट काढल्याने पोर्ट उघडण्याची वेळ बदलते, डोके अधिक तापते, आणि मिळालेले शेदीडशे फेरे आणखी बऱ्या प्रॉपनेही मिळाले असते.

बेअरिंग आणि रिंग यांची कामे झिजेप्रमाणे येतात. प्रॉप हाताने फिरवल्यावर खरखर जाणवली तर बेअरिंग बदलावे. त्याच क्रमांकाचे आणि सी-3 खुल्यापणाचे घ्यावे. क्रँककेस 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की जुने बेअरिंग हलक्या ठोक्याने बाहेर येते आणि फ्रीजरमध्ये गार केलेले नवे सहज आत बसते. हे काम स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करू नये. तेलाचा वास पुढे कित्येक दिवस प्रत्येक केकला येतो. हब काढताना पुलरच वापरावा. रिंग बसवताना तिची टोके पिस्टनच्या खाचेतल्या पिनेच्या दोन बाजूंना आली आहेत आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे, याची खात्री करूनच सिलिंडर खाली सरकवावा. नव्या रिंगनंतर पुन्हा रन-इनचे मिश्रण वापरावे.

पावसाळ्यासाठी ठेवणे

चार महिने विमान टांगून ठेवायचे असेल तर शेवटची टाकी इथेनॉलविरहित पेट्रोलची भरावी, उरलेले पेट्रोल काढून घ्यावे आणि आयडलिंगवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे थोडे थेंब सोडावे, इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रॉप काही वेळा फिरवावा आणि पिस्टन वर आणून ठेवावा, म्हणजे एक्झॉस्टचा पोर्ट झाकला जातो. कार्बोरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड कापडाने बंद करावे. कुंभारमाशीला घर करायला सायलेन्सर फार आवडतो. इग्निशनची बॅटरी काढून तिच्या प्रकाराला योग्य त्या चार्जवर वेगळी ठेवावी. ऑक्टोबरात पहिल्यांदा इंजिन सुरू करताना नवे मिश्रण, नवा प्लग आणि पुन्हा कसलेले प्रॉपचे बोल्ट असावेत, आणि पेट्रोल वर यायला वेळ लागला तर सुयांना हात न लावता आधी कार्बोरेटरचे झाकण उघडून डायाफ्राम पाहावा.